‘बंद कर’ म्हणजे नेमकं काय?

दिवसातून कितीदा आपण ‘बंद कर’ म्हणतो? दार बंद कर, नळ बंद कर, पंखा बंद कर. मराठीत एका शब्दात सगळं भागतं. म्हणूनच माझ्या वर्गातली मुलं बेधडक म्हणतात, ‘‘मॅडम, क्लोज द फॅन!’’ मी सुधारते, ‘‘दार क्लोज करायचं, पंखा स्विच ऑफ.’’ गंमत म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकात ‘क्लोज्ड सर्किट’ म्हणजे वीज वाहती आणि ‘ओपन’ म्हणजे वाट तुटलेली!

दुसऱ्यांचे शब्द सुधारणाऱ्या मला माझा शब्द नडला तो उन्हाळ्यात. आमच्या मारेगावला मे महिन्यात कूलरशिवाय झोप नाही. पाणी भरायचं म्हणून लेकाला म्हटलं, ‘‘कूलर बंद कर रे.’’ ‘‘केला नं, आई!’’ पंखा थांबला. मी बादली उचलली, ओला हात पत्र्याला लागला मात्र, असा झटका बसला की बादली तिकडे अन् मी इकडे! नशीब, पायात चप्पल होती.

लेकाने कूलरवरचं बटण फिरवलं होतं. पिन भिंतीत तशीच. म्हणजे कूलरच्या आतपर्यंत वीज आलेलीच होती. आतली एक वायर सोलून पत्र्याला टेकली होती, त्यात अर्थिंग धड नव्हतं. पोराचं काय चुकलं? मी ‘बंद कर’ म्हटलं, त्याने केला.

संध्याकाळी कूलरचं माहितीपत्रक काढलं. पाणी भरण्याआधी ‘स्विच ऑफ अँड अनप्लग’ असं स्वच्छ छापलेलं. इंग्रजी शिकवणारी मी, पण दोन्ही शब्दांचा अर्थ एकच ‘बंद’ करून बसले होते!

ह्यांनी दुसऱ्याच दिवशी वायर बदलून अर्थिंग करून घेतलं. मी घरात तीन शब्द ठरवून दिले. ‘स्विच ऑफ’ म्हणजे फक्त बटण. ‘अनप्लग’ म्हणजे पिन काढून बाहेर. तीही कोरड्या हाताने, वायर न ओढता. आणि ‘मेन ऑफ’ म्हणजे अख्ख्या घराची वीज बंद. कुणाला करंट लागून तो चिकटला, तर त्याला हात न लावता आधी हेच करायचं.

आता मी नुसतं ‘बंद कर’ म्हणतच नाही. ‘‘बटण बंद कर, पिन काढ आणि मला दाखव,’’ म्हणते. दोन शब्द जास्त लागतात, लागू देत. तुम्हीही आजच घरात सांगून ठेवा हं!