सकाळी जाऊन रात्री घरी

हिंजवडी, फेज १
रविवार

चि. सोनूस,


परवा फोनवर म्हणालीस, "मावशी, इथे शनिवार-रविवार अंगावर येतात. पॅरिसला, रोमला जायचं तर रजा हवी, पैसे हवेत." मी तेव्हा एवढंच म्हटलं की ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला जा, सकाळी निघ आणि रात्री घरी ये. का जा, हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सवडीने लिहिते आहे.

आधी व्यवहाराचं बोलू. तुझ्या म्युनिकहून साल्झबर्ग साधारण दीडशे किलोमीटर. साधी रिजनल गाडी दोन तासांच्या आत पोचवते. तुझ्याकडे डॉइचलांड-टिकिट असेल तर वेगळा पैसा नको. ते जर्मनीचं असलं तरी साल्झबर्गच्या मुख्य स्टेशनपर्यंत चालतं. नसेल तर बायर्न-टिकिट काढ. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं, मात्र सगळ्यांची नावं त्यावर लिहावी लागतात. आठवड्याच्या दिवशी ते सकाळी नऊनंतर लागू होतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच. वेगवान आयसीई किंवा रेलजेटमध्ये चुकूनही चढू नकोस, तिथे ही तिकिटं चालत नाहीत. जाताना उजव्या हाताची खिडकी धर. रोझेनहाइम गेलं की आल्प्सची रांग सोबतीला येते ती शेवटपर्यंत. आणि पासपोर्ट व रेसिडेन्स परमिटचं कार्ड दोन्ही जवळ असू दे, फोटोकॉपी नव्हे. का ते पुढे सांगते.

आपल्या हिंजवडीत परदेश म्हटला की काय उभं राहतं, ते तुला ठाऊक आहे. व्हिसाची अपॉइंटमेंट, मॅक्स म्युलर भवनातली जर्मनची परीक्षा, वजनकाट्यावर पुन्हा पुन्हा चढवलेल्या दोन बॅगा, आणि विमानतळावर डोळे पुसणारी तुझी आई. हे सगळं करून गेलेली मुलगी एका शनिवारी पाठीवर छोटी सॅक टाकून दुसऱ्या देशात जेवायला जाते आणि रात्री आपल्या खोलीत झोपते. मी तिकडे असताना हे पहिल्यांदा केलं, तेव्हा फ्राइलासिंग हे जर्मनीचं शेवटचं स्टेशन सुटल्यावर मी खिडकीला नाक लावून बसले होते. सीमा दिसेल, कुंपण असेल, निदान पाटी तरी असेल, असं वाटत होतं. सालाख नावाची नदी आली, तिच्यावरचा पूल आला, आणि पलीकडे ऑस्ट्रिया. शेजारच्या बाईंनी पुस्तकातून मानही वर केली नाही.

मला त्या बाईंचं फार अप्रूप वाटलं, कारण हे मला ओळखीचं होतं. तुझे आजोबा मुंबईला नोकरीला होते तेव्हा पुण्याहून अप-डाऊन करायचे. सकाळी डेक्कन क्वीन, संध्याकाळी तीच परत. ही गाडी १९३० साली सुरू झाली आणि तिने पुणेकराची मुंबई आणि मुंबईकराचं पुणं घरातलं करून टाकलं. ज्या गावाला माणूस सकाळी जाऊन रात्री परत येतो, ते गाव परकं राहत नाही. तिथला कुठला उपाहारगृहवाला चांगला, कुठल्या दुकानात उधारी चालते, पाऊस कुठे तुंबतो, हे त्याला माहीत होतं. साल्झबर्ग म्युनिककरांसाठी तसं आहे. फरक इतकाच की मध्ये एका देशाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते.

हे तिथे आपोआप झालेलं नाही, म्हणून तर तुला पाठवते आहे. साल्झबर्ग १८१० ते १८१६ तुझ्या म्युनिकच्या बव्हेरियाच्याच ताब्यात होतं, मग ऑस्ट्रियाकडे गेलं. त्या वाटणीत नदीकाठचं लाउफेन गाव दुभंगलं. गाव जर्मनीत राहिलं आणि पलीकडच्या काठावरचं त्याचं उपनगर, ओबर्नडॉर्फ, ऑस्ट्रियात गेलं. 

मोझार्टचं पिवळं घर, गेट्राइडगासेतल्या लोखंडी नक्षीच्या दुकानपाट्या, १०७७ मध्ये बांधायला घेतलेला डोंगरावरचा किल्ला हे सगळे बघतात, तूही बघ. पण त्याआधी शहरातल्या नदीच्या उजव्या काठाच्या कापुझिनरबेर्ग टेकडीवर चढ. तिथे श्टेफान त्स्वाइग हा लेखक १९१९ पासून १९३४ पर्यंत राहत होता. घर खासगी आहे, बाहेरूनच बघायचं. 'द वर्ल्ड ऑफ यस्टरडे' या आठवणींच्या पुस्तकात तो सांगतो की १९१४ च्या आधी तो हिंदुस्थानात आणि अमेरिकेत जाऊन आला आणि तोवर त्याने पासपोर्ट पाहिलाही नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर शिक्के, फोटो, बोटांचे ठसे आले, आणि माणूस प्रवासी होता तो संशयित झाला, हे त्याचं दुःख होतं. १९३४ मध्ये पोलिसांनी त्याच्या या घराची झडती घेतली, आणि तो देश सोडून गेला. १२ मार्च १९३८ ला जर्मन फौजा ऑस्ट्रियात घुसल्या. ३० एप्रिलला साल्झबर्गच्या रेसिडेन्झप्लात्स चौकात पुस्तकांची होळी झाली, तीत त्याचीही पुस्तकं होती. तो चौक तुझ्या वाटेवर आहे. तिथे दोन मिनिटं थांब.

सोनू, नीट बघ, १९३८ मध्येसुद्धा ही सीमा नाहीशी झाली होती. पण ती एकाने दुसऱ्याला गिळून. आज ती नकाशावर जागच्या जागी आहे. दोन सरकारं, दोन संसदा, दोन पोलीस. आणि तरीही गाडी जाते. १९८५ मध्ये लक्झेंबर्गच्या शेंगेन गावी पाच देशांनी सही केली, पुढे ऑस्ट्रिया त्यात आला, आणि १९९८ पासून सालाखवरच्या त्या पुलावरची तपासणी उठली. ज्यांनी एकमेकांच्या पोरांना रणांगणावर मारलं होतं, त्यांच्याच नातवंडांनी हे बसून, वाटाघाटी करून, कागदावर उतरवून मिळवलं. मला शेंगेन हा शब्द व्हिसाच्या फॉर्मपेक्षा मोठा वाटतो तो यासाठी.

आणि हे कायमचं मिळालेलंही नाही. २०१५ च्या सप्टेंबरात निर्वासितांचे लोंढे साल्झबर्गला येऊन थांबले, जर्मनीने तपासणी पुन्हा सुरू केली, आणि ती पुढे चालूच राहिली. परतताना फ्राइलासिंगला पोलीस डब्यात चढतील. तुझा-माझा रंग बघून तुझ्यापाशी थोडे जास्त थांबतील, असंही होईल. घाबरू नकोस, कागद दाखव. पण ते मनाला लागलं तर लागू दे. उघडलेलं दार राखावं लागतं, हे तुला त्या पाच मिनिटांत माझ्या पत्रापेक्षा नीट कळेल.

आता आपल्याकडे बघ. बिहारमधल्या जयनगरहून नेपाळातल्या जनकपूरला रेल्वे आहे. एप्रिल २०२२ मध्ये ती नव्याने सुरू झाली. आपल्याला नेपाळला व्हिसा लागत नाही. जानकी मंदिराचं दर्शन घेऊन माणूस त्याच दिवशी परतू शकतो. म्हणजे आपल्यालाही हे जमतं. पण अमृतसर ते लाहोर अंतर अवघं पन्नास किलोमीटर, आपल्या हिंजवडीहून लोणावळ्याएवढं. फाळणीपूर्वी लोक सकाळी जाऊन संध्याकाळी परत येत. २२ जुलै १९७६ ला या मार्गावर समझौता एक्स्प्रेस सुरू झाली तेव्हा ती रोज धावायची. मग आठवड्यातून दोनदा, आणि ऑगस्ट २०१९ पासून बंद. का बंद, याची कारणं मला माहीत आहेत; ती खोटी नाहीत, बॉम्बस्फोटांत माणसं गेली आहेत. तरीही मला वाटतं की दोन देशांत खरी शांतता आहे की नाही, हे शिखर परिषदांवरून ठरवू नये. साधा माणूस सकाळी जाऊन रात्री घरी येऊ शकतो का, एवढंच बघावं.

तुझ्या फ्लॅटमध्ये लाहोरची एक मुलगी राहते म्हणालीस, आणि अजून मोकळं बोलणं होत नाही. बायर्न-टिकिटावर पाच नावं लिहिता येतात. तिचं नाव तुझ्या नावाखाली लिही. डब्यात घालायला थालीपीठं कर, ती टिकतात. तुमच्या दोघींच्या देशांमधली सीमा तुम्हाला एका दिवसात ओलांडता येत नाही. ही येते, तर एकत्र ओलांडा. गाडीत तिला विचार, त्यांच्या घरात अमृतसरची काय आठवण सांगतात. आणि ती जे सांगेल ते मला सविस्तर लिही, फोनवर नको.

आई-बाबा बरे आहेत. तब्येतीला जप.

तुझी,
मावशी