नळी आणि तार

कुंडलच्या घरी पडवीत वडिलांची १९८६ सालची स्कूटर उभी असते. गेल्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या पहाटे, धाकटी तिथेच फुलबाजी पेटवायला निघाली आणि मला पेट्रोलचा वास आला. काडेपेटी मी हिसकावून घेतली. ती रडली. सौभाग्यवतींनी नेहमीप्रमाणे मला दोषी ठरवले. आणि रात्री पेट्रोलचा कॉक बंद करायला विसरलो होतो, तो मीच.

उन्हे वर आल्यावर मिस्त्री आला. कॉकपासून कार्बोरेटरकडे जाणारी रबरी नळी फुगून मऊ पडली होती. "मास्तर, आता पेट्रोलात उसाचं स्पिरिट असतंय. जुन्या रबराला सोसत न्हाई."

पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने २०२५ साली गाठला, हे मी वाचले होते. पण ज्या उसावर आमचे घर चालले, तोच वडिलांच्या स्कूटरला बाधावा ना!

खरी गळती मात्र टोकाशी होती. तिथे क्लिपच नव्हती; वडिलांनी तांब्याची तार पिळून आवळली होती. क्लिप नळीला सगळीकडून सारखी धरते, तार एका जागी रुतते. तिने रबर कापले होते. रुपयाभराची क्लिप वाचवणाऱ्या या माणसाने माझी एम. ए.ची फी एकदाही थकवली नव्हती.

मिस्त्रीने नवी नळी आणि दोन क्लिपा बसवल्या, कॉक उघडून सांध्यावरून बोट फिरवले. कोरडे. तार तो अंगणात फेकणार, इतक्यात मी हात पुढे केला.