नाण्याचा पत्ता

आजी गेली तेव्हा तिची रुपयांची माळ लेकीसुनांत वाटली गेली. त्यातला एक राणीछाप रुपया माझ्या वाट्याला आला. साल १८६२, वर माळेत ओवायला डागलेली कडी. जुनं नाणं म्हणजे लाखमोलाचं, अशी आमच्या शहापूरकडची पक्की समजूत.

पुढे मुंबईत नाणेसंग्राहकांत उठबस वाढली, तसा हिशेब कळत गेला. टांकसाळींनी १८६२ हेच साल १८७४ पर्यंत छापलं, म्हणून ते रुपये अमाप. १९३९चा रुपया त्याहून कितीतरी धाकटा, पण मिळणं कठीण. १९११च्या रुपयावर पाचव्या जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. बोभाटा झाला, टांकसाळीत उरलेली नाणी वितळवली गेली. म्हणून बाहेर पडलेल्यांना आज मोल आहे. वय किती यापेक्षा शिल्लक किती, हे आधी बघतात.

मग झीज. गाल, केस, मुकुट हे उंच भाग आधी झिजतात. कडी काढली तरी डाग राहतो. चिंचेने घासून लखलखीत केलेल्या नाण्याचा भाव उतरतो, कारण वरचा थर एकदा गेला की गेलाच. या दोन्ही कसोट्यांवर आजीच्या रुपयाला मिळाला तो चांदीचाच भाव.

तिसरी कसोटी, म्हणजे नाणं कुठे आणि कसं मिळालं, मला मुरबाडहून नाणेघाट चढताना उमगली. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणा कार्षापण या नाण्यांत मोजल्या आहेत. याच सातवाहनांची पुढची हकिगत नाशिकजवळच्या जोगळटेंभीने सांगितली. १९०६ साली तिथे क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा छाप होता. नहपानाचा चेहरा त्या छापाने बिघडला, पण सत्ता कुणाच्या हाती गेली ते कळलं. ही नाणी एका जागी, एकत्र मिळाली म्हणून इतकी ठाम साक्ष उभी राहिली. सुटी-सुटी विकली गेली असती, तर ती निम्मी मुकी झाली असती.

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर, वाड्यांत अजून असे रुपये आहेत. अडीनडीला ते सराफाकडे मोडीत जातात आणि वितळतात. नाणं घासू नका. विकायचंच असेल, तर आधी एका कागदावर लिहा: माळ कुणाची, गाव कोणतं, ती घरात कशी आली. नांगराला जुनी नाणी लागली, तर तहसील कचेरीत कळवा. दुर्मिळता आणि झीज जाणकार शंभर वर्षांनीही सांगेल. नाणं कुठलं आणि कुणाचं, हे मात्र आज घरातली म्हातारी माणसंच सांगू शकतात. त्यांना आजच विचारा.