फुलांचे पुट

तपकीर म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते त्यात सुगंधाला फारशी जागा नसते. डाग पडलेले उपरणे, कनवटीला लावलेली पितळी डबी, शास्त्रार्थ ऐन रंगात आला असताना सुटलेली सणसणीत शिंक. आपल्या कथा-नाटकांत तपकीर आली ती बहुधा हसवण्यापुरती. शिवाय घरोघरी ती दातांनाही लावली गेली आणि मशेरीच्या पंगतीत जाऊन बसली. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. तपकिरीच्या कुळात अशीही एक शाखा होती, थोडीफार अजूनही आहे, जिच्यात तंबाखूच्या पुडीला गुलाब, जाई, निशिगंध किंवा संत्र्याच्या मोहराची पुटे देत. या शाखेबद्दल माझे म्हणणे असे आहे की तिला तंबाखूच्या इतिहासात कोंबण्यापेक्षा अत्तराच्या इतिहासात बसवले तर ती नीट समजते. ती ओढणाऱ्याला तंबाखूची तलफ नव्हती असे मी म्हणणार नाही. पण ती घडवणारा माणूस गंधी होता, आणि घडवताना त्याने जे जे केले ते गंध्याच्या हिशेबाने केले.

1693 साली फ्रान्समधल्या लिआँ शहरात सिमाँ बार्ब याचे सुगंधविद्येवरचे पुस्तक निघाले, ‘ल पार्फ्यूमर फ्रान्स्वा’. केसांना लावायच्या पुडी, साबण, सुगंधी पाणी, हातमोजे यांच्या कृतींबरोबर तंबाखूची पूड शुद्ध करून तिला निरनिराळे वास कसे द्यावेत हेही त्यात आहे. त्या काळच्या फ्रान्समध्ये हातमोजे शिवणारे आणि सुगंध बनवणारे यांचा एकच संघ असे. कमावलेल्या कातड्याचा उग्र दर्प फुलांनी झाकायची, खरे म्हणजे बदलायची, विद्या त्यांच्या हातात होती. तीच त्यांनी तंबाखूला लावली. आधी पूड पाण्यात भिजवून धुवायची, कापडातून पिळायची, उन्हात वाळवायची. मग संत्र्याच्या फुलांच्या अर्काचा शिपका द्यायचा आणि पुन्हा वाळवायची. यानंतर खरे काम सुरू होई: पेटीत पुडीचा एक थर, त्यावर ताज्या फुलांचा एक थर, पुन्हा पूड, पुन्हा फुले. काही तासांनी फुले कोमेजली की सगळे चाळून ती टाकून द्यायची आणि नवी घालायची. पुडीने फूल पुरते पिऊन घेईपर्यंत हे चालू. या कृतीतली पहिली पायरी मला सर्वांत बोलकी वाटते. निकोटीन पाण्यात सहज विरघळते. म्हणजे पूड जितकी धुवावी तितका तिचा जोर पाण्याबरोबर वाहून जाणार. त्या कारागिरांना निकोटीन हे नाव ठाऊक नव्हते, पण धुतलेली तंबाखू मवाळ होते हे त्यांना नक्कीच कळत होते. तरी ते धूत राहिले, कारण त्यांना गंध लिहायला कोरी पाटी हवी होती. ज्याला नशाच विकायची आहे तो आपल्या मालातली नशा पाण्यात सोडून देणार नाही.

कोरड्या पुडीत सुगंध साठवायची ही कल्पना मराठी माणसाला परकी वाटायचे कारण नाही. विठ्ठलाच्या कपाळचा बुक्का, देवघरातले अष्टगंध, दिवाळीचे उटणे, हे सारे पुडीतले सुगंधच आहेत. थरांची कृतीही आपल्या देशात चांगली मुरलेली. उत्तर प्रदेशात जौनपूर-कनौजकडे तीळ आणि चमेलीची फुले एकावर एक पसरून ठेवत. तीळ वास शोषून घेत आणि मग ते घाण्याला लावले की सुगंधी तेल निघे. चीनमध्ये चहाच्या पानांना जाईचा वास देतात तो याच रीतीने. यामागचे कारण सुंदर आहे. जाईसारखे फूल देठापासून तुटल्यावरही कित्येक तास नवा सुगंध तयार करून सोडत राहते. त्याला भट्टीवर उकळले तर त्यातला नाजूक भाग मरतो. पण शेजारी काही शोषून घेणारे ठेवले तर रात्रभर आपणहून देत राहते. निशिगंधही तसाच. गुलाबाचे तसे नाही, तो भट्टी चांगली सोसतो, म्हणून गुलाबी तपकिरीत पुढे पाकळ्यांपेक्षा गुलाबाचे अत्तरच घालू लागले. निशिगंधाबद्दल एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पुण्या-मुंबईच्या हारवाल्यांकडे ढिगाने दिसणारे हे फूल मूळचे मेक्सिकोचे, आणि तंबाखूही अमेरिका खंडाचीच. समुद्र ओलांडून आलेली ही दोघे युरोपातल्या गंध्याच्या पेटीत एकमेकांवर थर होऊन निजली, आणि जवळच्याच पेटीत आशियातून गेलेल्या जाई आणि संत्र्याची फुले असत.

यावर पहिला आक्षेप असा निघेल की फुलांचा वास हा नुसता मुखवटा आहे. खालचा दर्प लपवण्यासाठी वरून चढवलेला. स्वस्त मालाच्या बाबतीत हे खरे असेलही. पण रसायनशास्त्राने विसाव्या शतकात जे दाखवले ते पाहता चांगल्या तपकिरीला हा आरोप चिकटत नाही. 1970 साली बल्गेरियातल्या गुलाबतेलात डॅमॅसिनोन नावाचा एक घटक सापडला. तेलात तो नाममात्र असतो, पण गुलाबाला गुलाबपण देण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. पुढे तोच घटक तंबाखूच्या पानातही मिळाला. पान वाळवून मुरत ठेवले की त्यातली पिवळी-केशरी रंगद्रव्ये हळूहळू तुटतात आणि त्यांतून डॅमॅसिनोन, व्हायोलेट फुलाची आठवण देणारी आयोनोन आणि त्यांची भावंडे जन्मतात. म्हणजे मुरलेल्या तंबाखूच्या पोटात गुलाबाचा एक धागा आधीपासूनच आहे. जाईतही इंडोल नावाचे एक द्रव्य असते. सुटे घेतले तर कुबट, मातकट, सडत चाललेल्या गोष्टीसारखे, पण फुलात योग्य प्रमाणात असले की त्याच्यामुळे जाई जिवंत वाटते. तंबाखूचा गवती, कातडी वास या इंडोलशी सहज जुळतो. सतराव्या शतकातल्या गंध्याकडे यातले कुठलेच ज्ञान नव्हते, होते फक्त नाक. त्या नाकाने शेकडो सुवासांतून जी मोजकी फुले तंबाखूसाठी निवडली ती पुढच्या शोधांनी योग्य ठरवली. मुखवट्याचे आणि चेहऱ्याचे असे रक्ताचे नाते नसते.

आता प्रत्यक्ष आस्वादाकडे येऊ, कारण इथेच या पदार्थाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. जाणकार तपकीर जोराने ओढत नाही. चिमटीत अगदी थोडी घ्यायची, नाकपुडीशी न्यायची आणि फूल हुंगताना घ्यावा तेवढाच श्वास घ्यायचा. पूड नाकाच्या उंबरठ्याशीच राहिली पाहिजे. घशात उतरली तर ठसका लागतो आणि गंध हातचा जातो. शिंक ही नवख्याची खूण, सवयीच्या माणसाला ती सहसा येत नाही. मग जे घडते ते कपड्याला अत्तर लावून घडत नाही. नाकात वास ओळखणारी यंत्रणा वेगळी आणि झोंबणे, थंडावा, चुरचुर ओळखणारी मज्जा वेगळी. गुलाबात भरपूर असणारे फेनिलइथाइल अल्कोहोल हे द्रव्य जवळजवळ नुसत्या वासाचे आहे; ते झोंबत नाही, आणि म्हणूनच कुणाची घ्राणशक्ती शाबूत आहे का हे तपासायला डॉक्टर ते वापरतात. तंबाखू मात्र झोंबते. फुलाच्या तपकिरीत ही दोन्ही संवेदने एकाच क्षणी जागी होतात. आधी चुरचुर येते, सगळे लक्ष नाकाच्या टोकाशी गोळा होते, आणि ती ओसरताना तिच्या मागून फूल वर येते. लक्ष तिथे आधीच हजर असल्यामुळे ते फूल नेहमीपेक्षा मोठे, जवळचे वाटते. पुढे काही वेळ ते जाते आणि येते. नाक सरावले की हरवते, दारातून वाऱ्याची झुळूक आली की पुन्हा उमलते. डोळे आणि कान यांच्या सुखासाठी माणसाने चित्रशाळा आणि मैफली उभारल्या. नाकाला इतका वेळ, इतके बारीक लक्ष देणाऱ्या कला फार थोड्या आहेत. अशा एका कलेला आपण केवळ व्यसन म्हणून हातावेगळे करावे, हे मला पटत नाही.

पण ‘केवळ’ हा शब्द काढला तरी ‘व्यसन’ उरतेच, आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. 1980 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवले की सवयीच्या माणसाने तपकिरीची एक चिमूट घेतली तरी काही मिनिटांत त्याच्या रक्तातले निकोटीन सिगारेट ओढणाऱ्याच्या जवळपास पोचते. तेव्हा कुणी म्हणेल की फुलाचे कौतुक हे मेंदूने निकोटीनसाठी शोधलेले निमित्त आहे. मला वाटते यात दोन प्रश्नांची गल्लत होते. माणूस पुन्हा पुन्हा डबी का उघडतो याचे उत्तर बऱ्याच अंशी निकोटीन हे आहे. पण तो कुठली डबी उघडतो याचे उत्तर निकोटीनकडे नाही. नुसता जोर हवा असता तर सर्वांत तिखट, सर्वांत स्वस्त अशा एकाच तपकिरीने बाजार जिंकला असता. घडले उलट. लंडनच्या हेमार्केटमध्ये 1720 साली उघडलेले फ्रिबूर्ग आणि ट्रेयर यांचे दुकान अडीचशेहून अधिक वर्षे चालले ते वेगवेगळ्या मिश्रणांच्या जोरावर. गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे तिथे तपकीर जुळवून मिळे. आपल्या मछलीपट्टणच्या नावाचीही एक तपकीर इंग्रज गिऱ्हाईक मोठ्या आवडीने मागत असे. शेफील्डच्या शॅरो गावातल्या गिरणीने 1737 पासून हाच धंदा केला. भरड आणि ओलसर, वस्त्रगाळ आणि कोरडी, गुलाबाची, संत्रमोहराची, असे प्रकार माणसे पारखून घेत होती. पारख करणारा माणूस नशेच्या आहारी असू शकतो, तरी त्याची पारख खोटी ठरत नाही.

सर्वांत जड आक्षेप आरोग्याचा, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही, फक्त कबुली आहे. 1761 साली, फुलांच्या तपकिरीचा लंडनमध्ये बहर असतानाच, तिथल्या जॉन हिल या वैद्याने अति तपकीर ओढणाऱ्यांच्या नाकात झालेल्या कर्करोगासारख्या गाठींची नोंद छापली. तंबाखू आणि कर्करोग यांचा संबंध सांगणारे ते अगदी सुरुवातीचे लेखन. धूर नसलेली तंबाखूही कर्करोग घडवते हा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा निर्वाळा आज निःसंदिग्ध आहे. भारताच्या 2003 च्या तंबाखू कायद्याच्या यादीत तपकीर नावानिशी आहे, आणि 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातले 21.4 टक्के प्रौढ धूररहित तंबाखू घेत होते. याहून टोचणारी बाब अशी की सुगंधच इथे आरोपी आहे. अमेरिकेने 2009 साली सिगारेटमधल्या फळाफुलांच्या वासांवर बंदी घातली ती याचसाठी, की कडू गोष्टीला गोड वास लागला की कोवळी मुले तिच्याकडे ओढली जातात. मी ज्याला कला म्हणतो तीच तंबाखूचे दार उघडून देते. हे मान्य केल्यावर माझ्या म्हणण्याला एक मर्यादा आपोआप पडते. या सुगंधाच्या ओढीने कुणी तपकिरीची डबी हातात घ्यावी असे मी म्हणू शकत नाही, म्हणतही नाही. एखाद्या गोष्टीचे सौंदर्य समजून घेणे निराळे आणि तिची शिफारस करणे निराळे.

एक प्रश्न मात्र मला सुटत नाही. अत्तरगुलाब आणि पानसुपारी यांवाचून ज्यांचा समारंभ पुरा होत नसे, कानात अत्तराचा फाया ठेवून जी माणसे गाण्याला बसत, त्यांच्या हाती तपकीर आली आणि ती इतकी रांगडी का राहिली? तंबाखू आपल्या किनाऱ्याला फार लवकर लागली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यात पोर्तुगीज सरकारने तिचा मक्ता देऊन चांगला महसूल मिळवला, आणि ब्राझीलच्या बाहियातली तंबाखू तिथे जहाजांनी उतरत होती. फुले होती, गंधी होते, पुटे द्यायची विद्या होती. मला संभवनीय वाटणारे कारण असे की आपल्याकडे सुगंध हा देवाला वाहायचा, पाहुण्याला द्यायचा, अंगाला लावायचा. तंबाखू ही मात्र एकट्याने, जरा आडोशाला घ्यायची गोष्ट. फ्रान्सच्या दरबारात डबी पुढे करणे हा शिष्टाचार झाला आणि जिथे शिष्टाचार आला तिथे गंध्याला बोलावणे आले. आपल्याकडे तो मान पानाच्या तबकाने आधीच घेतलेला होता. तिथे गुलाबपाणी, केवडा, कात, वेलदोडा यांची सगळी नजाकत खर्ची पडली, आणि तपकीर उरली ती काम करताकरता झोप उडवायची पूड म्हणून.

जर्मनीत आज द्राक्षशर्करा आणि पुदिन्याचा अर्क यांची पांढरी पूड मिळते. तिच्यात तंबाखूचा कणही नसतो, आणि ती घ्यायची रीत तपकिरीचीच. म्हणजे वाहक बदलता येतो. माझे म्हणणे बरोबर असेल, फुलाच्या तपकिरीत फूलच मुख्य असेल, तर जाईची पुटे दिलेली बिनतंबाखूची पूड रुचायला हवी. ती टिकणार नाही, कारण पुन्हा मागायला लावणारे द्रव्य तिच्यात नाही, असे कुणी म्हणेल. रोज दहादा उघडली जाणारी डबी तिच्या नशिबी नसेलही. मोगऱ्याचा गजराही कुणी दहादा विकत घेत नाही. मात्र धुतलेल्या पानाचा तो गवती तळ आणि ती आधीची चुरचुर नसताना फूल तसेच वर येईल का, की पुदिन्याच्या थंडाव्याने, सुंठेच्या किंवा वेखंडाच्या झोंबण्याने ते काम करून घ्यावे लागेल, हे करून पाहण्याजोगे आहे. आणि नाकात जाणाऱ्या कुठल्याही पुडीचे काय करायचे हे आधी वैद्यांना विचारावे लागेल. सुगंधावर काम करणारी सरकारी संस्था कनौजला आहे, व्हर्सायमध्ये नामशेष झालेली अत्तरे पुन्हा घडवून जपणारे संग्रहालय 1990 पासून चालू आहे. त्यांच्या कपाटांत फुलांच्या तपकिरीचा एक खण असावा, तिची कृती आणि तिचा वास दोन्ही तिथे राहावेत, एवढे मला मनापासून हवे आहे.