आधी परांची, मग गिलावा

मागच्या उन्हाळी सुट्टीत आम्ही घरामागे एक खोली वाढवली. आम्ही दोघेही शिक्षक. मुलगी दहावीत गेलेली, अम्मींना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. खोली हवीच होती आणि पैसा मोजकाच होता. भिंती आणि स्लॅब मिस्त्रीचाचांनी केले. बाहेरचा गिलावा मात्र घरीच करायचे ठरले. लोखंडी परांचीचे भाडे वाचवायला जुन्या मांडवाचे बांबू काढले, सुतळीने आवळले आणि वर फळ्या टाकल्या. उर्दूत तिला पाड म्हणतात, हे आम्ही वर्गात सांगतो. बांधली मात्र आयुष्यात पहिल्यांदाच.

पाचव्या दिवशी मुलगा भरलेले घमेले घेऊन वर चढला आणि पायाखालची फळी सरकली. त्याने छज्जा धरला म्हणून वाचला. घमेले खाली आदळले, ते नेमके अम्मी सावलीत तांदूळ निवडत बसायच्या त्या जागी. त्या पाणी प्यायला आत गेल्या होत्या.

शेजारचे म्हणाले, अल्लाहने वाचवले. अम्मींनी शुक्र अदा केला आणि आम्हाला विचारले, “पण बांबू कुणी बांधले होते?”

संध्याकाळी मिस्त्रीचाचा आले. त्यांनी आधी जमीन पाहिली. आपल्या बीडकडची काळी माती उन्हात दगडासारखी होते, म्हणून आम्ही बांबू थेट तिच्यावर उभे केले होते. पण भिंतीला रोज मारलेले पाणी खाली उतरून बांबूंच्या बुडाशी मुरत होते. एक बांबू खचला, सुतळी ढिली पडली आणि फळी निसटली. चूक पूर्ण आमचीच.

चाचांनी मग एकेक गोष्ट दाखवली. प्रत्येक पायाखाली सपाट दगड किंवा जाड फळी हवी. चिरलेला, किडलेला बांबू वापरायचा नाही. उभ्या-आडव्या बांबूंना तिरपा बांबू बांधायचा, नाहीतर सगळा सांगाडा एका बाजूला कलतो. परांची पक्क्या भिंतीला जागोजागी बांधायची. ओल्या बांधकामाचा आधार घ्यायचा नाही. फळी आधाराच्या पुढे वीतभरच असावी; कमी असेल तर निसटते, जास्त असेल तर टोकावर पाय पडताच उलटते. कमरेइतका कठडा हवा. कडेला आडवी पट्टी हवी, म्हणजे वीट किंवा थापी खाली पडत नाही. शिडी चार हात उंचीला एक हात बाहेर ठेवायची आणि वर दोन हात जास्त निघू द्यायची. विजेच्या तारेजवळ परांची उभारायचीच नाही. रोज सकाळी आणि पावसानंतर गाठी तपासायच्या. आणि खाली कुणी बसायचे नाही.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला. पण १० लाख रुपयांपर्यंत खर्चाचे स्वतःचे राहते घर बांधणारा माणूस त्याच्या कक्षेबाहेर ठेवला गेला. म्हणजे आमच्या अंगणात तपासायला कोणी येणार नव्हते. ती जबाबदारी आमचीच होती, आणि ती फक्त स्वतःपुरती नव्हती. मदतीला आलेला शेजाऱ्याचा मुलगा, पाणी देणारी मुलगी, खाली बसणाऱ्या अम्मी, सगळे त्यात येतात.

कठडा नसलेल्या छतावर झोपणाऱ्याला सावध करणारी हदीस आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ती आपल्या घराच्या कामालाही लागू पडते, हे त्या दिवशी कळले. तवक्कल म्हणजे गाठ न तपासता वर चढणे नव्हे.

दुसऱ्या दिवशी आम्ही लोखंडी परांची भाड्याने आणली. चाचांनी समोर उभे राहून ती लावून घेतली, मगच गिलावा पुढे सरकला. घर वाढवणाऱ्या भावांनो, बहिणींनो, खर्चाची यादी कराल तेव्हा सिमेंट-वाळूच्या आधी परांचीचे भाडे लिहा. आम्ही ते लिहिलेच नव्हते.