काळ्या मातीवरचा ओटा

काळ्या मातीचे कौतुक शेतकऱ्याने करावे. घर बांधणाऱ्याने तिच्याशी जरा जपूनच वागावे. हे मी वऱ्हाडचा माणूस म्हणून सांगतो आहे, आणि असे सांगण्याचा अधिकार वऱ्हाडच्या माणसाला निश्चितच आहे. कापूस म्हणा, ज्वारी म्हणा, तूर म्हणा, ही माती कशालाच नाही म्हणत नाही. पण तिच्यावर चार भिंती उभ्या करा, की तिचा दुसरा स्वभाव कळतो. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वैशाखात तिला अशा भेगा पडतात की लहान मुलाचा हात कोपरापर्यंत आत जावा. शास्त्रज्ञ म्हणतात की तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक असतात आणि पाणी त्या पानांच्या मधे शिरते. भिजलेली वही कशी फुगते, ते ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुले आहेत त्यांना सांगायला नको.

आमच्या वडिलांनी १९६१ साली अकोल्यास घर बांधले. ते शाळामास्तर होते. कर्ज काढून, आईच्या पाटल्या मोडून बांधलेले घर. पाया तीन फुटांचा. त्या काळी आळीतल्या सगळ्यांचाच तेवढा असे. तिसऱ्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग निघाली. वडिलांनी भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने बारीक रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. पावसाळ्यात भेग मिटली. त्यांनी तीही तारीख लिहिली. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडली, रेघेच्या चार बोटे पुढे जाऊन. असे पंधरा वर्षे चालले. शेजाऱ्यांनी वास्तुदोष काढला, म्हणून दोनदा शांत झाली. १९७८ साली ती भिंत उतरवून घ्यावी लागली. कर्जाचा शेवटचा हप्ता त्याच्या आदल्याच वर्षी फिटला होता. वडील कुणालाही बोलले नाहीत, गवंड्यालाही नाही. पण त्यानंतर ते त्या बाजूच्या खोलीत फारसे बसत नसत.

या मातीवर उपाय नव्हता असे नाही. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी खास खांब सुचवले होते. जमिनीत साडेतीन मीटरच्या सुमारास खोल जायचे आणि तळाशी खड्डा कांद्यासारखा फुगीर करून त्यात काँक्रीट भरायचे. इतक्या खोलीवर ऋतूंचा हात पोचत नाही; वरची माती वर्षभर कितीही श्वासोच्छ्वास करो, खालची स्वस्थ असते. मुंबईच्या आय. आय. टी.तले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी मुरुमासारख्या न फुगणाऱ्या मातीचा जाड थर मधे घालण्याची युक्ती शोधून काढली. पण अकोल्याच्या मास्तरांना हे सांगणार कोण?

आता येथून मला एकदम अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात जायचे आहे. वाचकांनी घाबरू नये. देश बदलतो, माती बदलत नाही. डॅलसपासून सॅन अँटोनिओपर्यंत काळ्या जमिनीचा एक लांबच लांब पट्टा आहे. तिथेही एके काळी कापूसच पिकत असे. आपली माती काळ्या पाषाणापासून झालेली, त्यांची चुनखडीच्या नि चिकणदगडाच्या खडकांपासून. आया वेगळ्या, लेकी मात्र एका वळणाच्या. डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात आमच्या चिरंजीवांनी घर घेतले आहे. आम्ही दोघे पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा शेजारचा अमेरिकन गृहस्थ भर उन्हात घराच्या पायाला पाणी घालत होता! पाझरणारी रबरी नळी घराभोवती गुंडाळलेली होती. हिला वाटले, झाडे लावली असतील. झाडे नव्हती. पायाखालची माती आटून घर खचू नये म्हणून तिकडे कित्येक लोक उन्हाळाभर असे पाणी देतात. तुळशीला घालावे तसे.

चिरंजीवांच्या घराला परसदारी लाकडी ओटा होता. त्याला तिकडे 'डेक' म्हणतात. जेवण, गप्पा, नातवंडांचा धुडगूस, सगळे त्यावर. आधीच्या मालकाने तो हौसेने बांधलेला. पण एक कोपरा वर आलेला, दुसरा खाली गेलेला, आणि कठडा हात लावला की डुलणारा. २०१७ साली आमच्या हिच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. दोन वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा पहिल्याच सकाळी उतरताना तिने कठड्याचा आधार घेतला आणि कठडा तिच्याबरोबर खाली निघाला. सुनेने वेळेवर धरले म्हणून निभावले. त्या दिवसापासून ही मागच्या दाराबाहेर पाऊल टाकीना. सहा महिन्यांच्या मुक्कामात चार भिंतींच्या आत बसायचे तर अकोला काय वाईट होते, असे ती मला एकट्याला म्हणाली.

चिरंजीवांनी नवा डेक बांधायचे ठरवले, सीडर लाकडाचा, आणि स्वतःच्या हाताने. या सीडरबद्दल थोडे सांगितले पाहिजे. खरा सीडर म्हणजे आपल्या हिमालयातला देवदार. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचा 'तांबडा सीडर' त्याचा सख्खा नव्हे. तो आपल्या बागेतल्या मोरपंखीच्या कुळातला. लाकूड हलके, मऊ, नखाने ओरखडा उठेल असे, पण गाभ्यात असे काही रस असतात की बुरशीला नि किडीला तो सहसा दाद देत नाही. तिथले मूळचे रहिवासी याच झाडाच्या होड्या कोरीत आणि घरे बांधीत. मात्र हा गुण गाभ्याचा. सालीजवळच्या पांढऱ्या लाकडात तो नाही. चिरंजीव फळी न् फळी उलटून पाहून घेत होते. सागाच्या वखारीत वडिलांच्या मागे उभे राहून मी हेच पाहिले होते.

फळ्यांचे सगळे ठरले. मी विचारले, "आणि पाया?"

"दोन फूट खड्डे घेतो, बाबा. त्यात काँक्रीट, की झाले. तुम्ही काळजी नका करू."

मी काही बोललो नाही. कागद घेतला, त्यावर अकोल्याच्या घराची पश्चिमेची भिंत काढली, खिडकी काढली आणि भेग काढून तारखा आठवतील तशा लिहिल्या. त्याच्या जन्माआधीच ती भिंत उतरली होती. त्याने ती कधी पाहिली नव्हती. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आजोबा दर वर्षी लिहायचे?" त्या रात्री उशिरापर्यंत तो वाचत बसला होता.

या मातीवर दोनच मार्ग खरे आहेत. एक, खणायचेच नाही. जमिनीवर ठोकळे मांडून त्यांवर ओटा नुसता ठेवायचा; माती हलेल तसा तोही हलेल, आणि दर वर्षी पाचरी मारून सपाट करीत बसायचे. बसका, लहान ओटा असेल तर हे काही वाईट नाही. दुसरा मार्ग, ऋतूंच्या हालचालीखाली जायचे. दोन फुटांचा खड्डा म्हणजे ना इकडचा ना तिकडचा: तो ऐन फुगणाऱ्या थरात बसतो, आणि माती खांबाला मुळा उपटावा तशी वर काढते. गुडघे दुखणाऱ्या बाईला दर वर्षी बदलणारी पायरी नको होती. दुसरा मार्ग ठरला.

तिकडे कुदळ मारण्याआधी ८११ या क्रमांकावर फोन करतात. मग माणसे येऊन जमिनीखाली काय काय आहे ते रंगाने आखून जातात: गॅस पिवळा, पाणी निळे, वीज तांबडी. परसात क्षणात रांगोळी झाली, आणि एक खड्डा दीड फूट सरकवावा लागला. मग भोके पाडणारा यंत्रवाला आला. नऊ भोके, दहा दहा फूट खोल. वरच्या चार फुटांत निघालेली माती ओली, काळी, चिकट. त्याखाली रंग पिवळट होत गेला आणि माती कोरडी, घट्ट येऊ लागली. मी हातात घेऊन बघितली.

त्याच दिवशी काँक्रीट भरले. चिकणमातीत भोक उघडे ठेवणे म्हणजे रांजण पुरून ठेवणे. एक सर आली की पाणी दिवसेंदिवस हटत नाही. प्रत्येक भोकात तळापासून माथ्यापर्यंत लोखंडी सळया घातल्या, कारण ही माती खांबाला नुसती दाबत नाही, ताणते, आणि ताण सोसण्यात काँक्रीट दुबळे. वरच्या भागात पुठ्ठ्याची गुळगुळीत नळी घातली, म्हणजे फुगणाऱ्या मातीला पकड मिळत नाही. भोकाच्या तोंडाशी सांडलेले काँक्रीट चिरंजीव थापीने काढून टाकीत होते. तिथे छत्रीसारखी कड राहिली, तर माती तिच्याखालून हात घालून खांब उचलते.

खांबांसाठी सीडर वापरला नाही. तांब्याचे औषध दाबाने मुरवलेले पाइनचे जाड खांब घेतले, आणि तेही काँक्रीटवर सरळ न टेकवता जस्ताच्या मुलाम्याच्या लोखंडी बैठकीवर, इंचभर अधांतरी. लाकूड उभे असले की तळाच्या कापातून पाणी वातीसारखे वर चढते. चिरंजीव मला हे समजावून सांगत होते, नि मला हसू येत होते. आपल्या जुन्या वाड्यांत सागाचा खांब कधी जमिनीत रोवलेला पाहिला आहे कुणी? त्याखाली दगडी तळखडा असतो. "अरे, हा तर तळखडा," मी म्हटले. तेव्हापासून आमच्या घरात त्या अमेरिकन लोखंडी वस्तूला तळखडाच म्हणतात, नातूदेखील.

खांबांवर तुळया, तुळयांवर सोळा सोळा इंचांवर कड्या, कड्यांवर सीडरच्या फळ्या. दोन फळ्यांत अर्ध्या पेराची फट, पाणी नि वारा जायला. स्क्रू पोलादाचे, न गंजणारे. साधा खिळा मारला तर सीडरच्या रसाने त्याभोवती काळे ओघळ येतात. ओट्याखाली खडी पसरली, उतार घरापासून दूर काढला आणि छपराच्या पन्हाळीचे पाणी पार कुंपणाकडे वळवले. मला सर्वांत पटली ती गोष्ट अशी की, ओटा घराला मुळी जोडलाच नाही. आधीच्या मालकाने तो भिंतीला बोल्टांनी जखडला होता. घर आपल्या चालीने वर-खाली होणार, ओटा आपल्या. दोघांना बांधून ठेवले की जिथे बांधले तिथेच फाटते. मधे इंचभर मोकळी जागा ठेवली आणि ओट्याला स्वतःच्या तिरप्या टेक्यांवर उभे केले.

सहा आठवडे लागले, शनिवार-रविवार धरून. सूनबाईंनी स्क्रू मारले, नातवाने ते सांडले. मी हिशेब ठेवला, कारण जन्मभर बँकेत तेच केले. एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा जमिनीत गेला. मित्रमंडळी पाहायला आली ती फळ्यांना हात लावून वाहवा करून गेली.

या गोष्टीला आता सहा वर्षे होऊन गेली. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये बर्फ पडून वीज गेली, तेव्हा सगळा ओटा गोठला होता. २०२३ चा उन्हाळा तर असा झाला की परसात अकोल्यासारख्या भेगा पडल्या. चिरंजीवांनी फोटो पाठवला होता, भेगेत पट्टी उभी करून. ओटा मात्र आहे तिथे आहे. हलते ती फक्त शेवटची पायरी. ती मुद्दाम जमिनीवर सुटी टेकवली आहे, आणि पाऊस नि ऊन यांत अर्धा-पाऊण इंच खाली-वर होते. तिच्या बाजूच्या खांबावर चिरंजीव पेन्सिलीने रेघ मारतात आणि तारीख लिहितात. मी त्यांना तसे करायला सांगितले नव्हते.

सीडरचा तांबूस रंग आता उतरला आहे. ऊन-पावसाने फळ्या रुपेरी करड्या झाल्या आहेत. चिरंजीवांच्या मनात दर वसंतात त्यांना तेल द्यायचे येते. गेल्या मुक्कामात हिने त्यांना थांबवले. तिच्या कुरडया वाळत होत्या.