दुसरी किल्ली

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन निरनिराळ्या माणसांच्या ताब्यात असतात. इंदूरच्या एका बँकेत आम्ही तेहतीस वर्षे नोकरी केली. त्यांतली बरीचशी रोखपालाच्या पिंजऱ्यात गेली. एकटा माणूस स्वतःची समजूत फार लवकर घालून घेतो, तेव्हा तिजोरी एकट्याच्या हाती नसावी, असे आम्ही नव्या कारकुनांना सांगत असू. निवृत्तीनंतर हे आम्हीच विसरलो, त्याची ही हकीकत.

२०२१ च्या उन्हाळ्यात आमचा भाचा घरी मुक्कामाला होता. करोनामुळे त्याची कचेरी आमच्या माडीवरच भरत असे. कामाच्या मधल्या वेळात त्याने आम्हांस ‘मास्टरनोड’ हा शब्द शिकवला. आभासी चलनाचे हिशेब कोणा एका पेढीत नसतात. जगभर पसरलेल्या अनेक संगणकांवर ते एकाच वेळी लिहिले जातात. त्यांपैकी काही संगणकांनी रात्रंदिवस जागे राहावे, व्यवहार झटपट पक्के करण्याची जादा जबाबदारी घ्यावी आणि बदल्यात नव्याने पडणाऱ्या नाण्यांतला वाटा घ्यावा, ही पद्धत आज ‘डॅश’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चलनाने २०१४ मध्ये रूढ केली. मात्र त्यासाठी १,००० डॅश अनामत म्हणून दाखवावे लागतात. ही अनामत कोणाच्या स्वाधीन करायची नसते. ती आपल्याच पाकिटात राहते. फक्त हलवायची नाही. हलवली की यादीतून नाव गेलेच.

“मामा, हे तुमच्या रोखपालाच्या अनामतीसारखंच आहे,” भाचा म्हणाला, आणि आम्ही विरघळलो. नोकरीस लागताना आम्हीही अशीच अनामत भरली होती आणि तिचा आम्हांस अभिमान होता.

डॅशची अनामत आमच्या आवाक्यापलीकडची. परंतु त्याच धर्तीवर निघालेली लहान चलने पुष्कळ होती. त्यांतल्या एकाची अनामत सुमारे दोन लाख रुपयांत बसत होती, आणि नेमकी तेवढ्याच रकमेची आमची एक मुदत ठेव त्या महिन्यात पुरी होत होती. ठेव आम्हां उभयतांच्या नावे होती आणि गच्चीच्या दुरुस्तीसाठी राखलेली होती. ‘दोघांपैकी कोणीही’ असा शेरा पावतीवर असल्याने एका सहीने काम भागले. सौ.ना आम्ही “ठेव पुढे चालू ठेवली आहे” असे सांगितले. आपण खोटे बोलत आहोत असे त्या वेळी वाटलेसुद्धा नाही.

घरच्या संगणकावर हा पहारा चालत नाही. वीज जाते, इंटरनेट तुटते. म्हणून भाच्याने महिना साडेचारशे रुपये भाड्याने परदेशातला एक सर्व्हर घेतला. त्याला ‘क्लाउड’ म्हणतात खरे, पण तो होता जर्मनीतल्या कुठल्याशा इमारतीतील एका यंत्राचा कोपरा. नाणी घरच्या पाकिटात आणि त्या यंत्रावर फक्त पहाऱ्याची वेगळी किल्ली; तिथे चोर शिरला तरी अनामत त्याच्या हाती लागायची नाही. ही रचना पाहून आमच्यातला रोखपाल खूष झाला. दर दोन-तीन दिवसांनी पाकिटात थोडी नाणी पडू लागली. सकाळच्या चहाआधी पाकीट उघडून पाहण्याचा आम्हांस नादच लागला.

ऑक्टोबर सरता सरता नाणी थांबली. कार्डावरून दरमहा आपोआप जाणाऱ्या रकमांचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून बदलले होते. भाडे गेलेच नाही, तगाद्याची पत्रे आम्ही उघडली नाहीत आणि यंत्र बंद पडले. चूक सर्वस्वी आमची. भाच्याने पुन्हा सारे उभे केले, पण आमचा नंबर रांगेच्या टोकाला गेला.

पुढच्या वर्षी नाण्यांची संख्या वाढत राहिली आणि भाव उतरत राहिला. मे २०२२ मध्ये ‘टेरा-लूना’ कोसळले, नोव्हेंबरात ‘एफटीएक्स’ ही बडी पेढी बुडाली. त्या पडझडीत आमच्या नाण्यास गिऱ्हाईक मिळेनासे झाले. तेव्हा कुठे आम्हांस साधा हिशेब सुचला. बँकेतला आमचा पगार कर्जदारांच्या व्याजातून येई. इथे पगार येत होता तो नव्या पाडलेल्या नाण्यांतून, आणि प्रत्येक नव्या नाण्याने जुने नाणे पातळ होत होते. अनामतही त्याच नाण्यात. बाहेरचे गिऱ्हाईक आटले की पगार आणि अनामत दोन्ही एकाच दिवशी हलकी. थोरल्या डॅशचीही हीच गत झाली. डिसेंबर २०१७ मध्ये १,००० डॅशची किंमत १० लाख डॉलरांवर गेली होती. २०२२ च्या अखेरीस ती ५० हजारांच्या आत आली. मोजायला नाणी मात्र हजारच.

२०२३ च्या आषाढात देवघरावरचे छत गळू लागले. खाली पातेले ठेवीत सौ. म्हणाल्या, “अहो, ती ठेव आता मोडू या.” मग सांगणे भाग पडले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, “पैसे गेले ते गेले. पण तुम्हांला काही झालं असतं, तर हे मला कुठून कळलं असतं?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. बँकेत वारस मृत्यूचा दाखला घेऊन येतो, आम्ही कागद तपासतो आणि रक्कम देतो. अशी शेकडो प्रकरणे आमच्या हातून गेली. त्या पाकिटाला मात्र ना शाखा, ना व्यवस्थापक, ना वारसाचा रकाना. त्याचा परवलीचा शब्द आमच्या डोक्यात होता. तो आमच्याबरोबर गेला असता तर नाणी कायमची कुलूपबंद झाली असती. आयुष्यभर दोन किल्ल्यांचे व्याख्यान देणाऱ्याने घरच्या तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या स्वतःच्याच खिशात ठेवल्या होत्या.

सारी नाणी विकली तेव्हा एकोणीस हजार रुपये हाती आले. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने अशा व्यवहारातील नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. हेही त्या निमित्ताने समजले. सर्व्हर सोडला. भाच्याला आम्ही बोल लावला नाही. यंत्र त्याने चोख चालवले होते. गच्ची हप्त्याहप्त्याने, निवृत्तिवेतनातून दुरुस्त झाली.

आता आमच्या घरी एक वही आहे. ठेवी, विमा, लॉकर, परवलीचे शब्द, सारे तिच्यात आहे, आणि दर दसऱ्याला आम्ही दोघे ती शेजारी बसून वाचतो. वाचकहो, नव्या चलनात पैसे घालावेत की नाही, हे सांगण्याचा आम्हांस अधिकार उरलेला नाही. एवढेच सांगतो, की तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर काय लिहावे, हे ज्यांना विचारायचे त्यांना विचारा. आमच्या वहीवर सौ.नी स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे : ‘दोघांच्या सह्या लागतील.’